वही कोणती घ्यावी? खळ, शाई आणि एका हरवलेल्या आकड्याची गोष्ट

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक तक्ता आहे. अकोला जिल्ह्यातल्या एका कापूस व्यापाऱ्याने १९२० च्या दशकात दर महिन्याला किती गाठी रवाना केल्या, त्याचा. त्या तक्त्यात एक घर रिकामं आहे. तिथला आकडा मी स्वतः वाचला होता, स्वतःच्या हाताने उतरवून घेतला होता. तरी आज तो कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

झालं असं. एका घरी जुन्या खतावण्या होत्या. लाल कापडी बांधणीच्या, उभ्या घडीच्या वह्या. घरच्या काकूंनी मोठ्या मनाने बसून वाचू दिल्या. फोटो काढायला मात्र आजोबांची ना होती, आणि ती मी मानली. पाच दिवस बसून मी शाईच्या पेनाने नोंदी उतरवल्या. वही कोणती? कॉलेजबाहेरच्या दुकानात मिळाली ती, सगळ्यात स्वस्त. दोन वर्षांनी तक्ता करायला बसले तेव्हा एका महिन्यात अचानक मोठी उडी दिसली. सरांनी विचारलं, "ही उडी कुठून आली?" मी वही काढली. आकडा १४ होता की ९४, काही केल्या कळेना. शाई फुटून १ चं पोट भरलं होतं, आणि मागच्या पानावरची एक रेघ झिरपून नेमकी त्याच्यावर आली होती. मी पुन्हा त्या घरी गेले. मधल्या काळात वाडा विकला गेला होता आणि खतावण्या रद्दीत गेल्या होत्या.

मग सर म्हणाले, "अंदाजाने भरू नकोस. घर रिकामं ठेव आणि खाली कारण लिही." तसंच केलं.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळत राहिली. शंभर वर्षांपूर्वीची ती खतावणी मला सहज वाचता आली. माझी स्वतःची वही दोन वर्षांत वाचता येईना. असं का? या प्रश्नाच्या मागे गेले तर कागदाचा बराच इतिहास हाती लागला. तुमच्यापैकी बरेच जण आता पेटच्या किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत असाल, म्हणून तो इथे मांडते. शेवटी वही कशी पारखायची तेही सांगते.

खळ म्हणजे काय

कागद म्हणजे एकमेकांत गुंतलेले वनस्पतींचे तंतू. तंतूंच्या मधे बारीक पोकळ्या असतात. पातळ शाई टेकली की दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी ती या पोकळ्यांमधून धावते. आडवी धावली की अक्षराला केस फुटतात, त्याला आपण 'शाई फुटली' म्हणतो. उभी धावली की मागच्या पानावर उतरते. टिपकागद हे याचं टोकाचं उदाहरण. त्याला काहीही लावलेलं नसतं, म्हणून तो शाई पितो.

लिहायच्या कागदाला हे पिणं थांबवणारं काहीतरी लावावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी खळ होती. मराठवाड्यात दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हा कागद करणारे कारागीर तिथे आले, अशी परंपरा सांगतात. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा त्याच धंद्याचं नाव अजून बाळगून आहे. मराठेशाहीच्या दफ्तरात दौलताबादी आणि जुन्नरी अशी कागदाची नावं गावांवरूनच पडलेली आहेत.

या कागदाची कृती थोडक्यात अशी. जुनी दोरखंडं, गोणपाट, चिंध्या कुजवून कुटायच्या. तो लगदा हौदातल्या पाण्यात कालवायचा. चटईसारख्या जाळीवर एकेक ताव उचलायचा आणि भिंतीवर वाळवायचा. मग त्याला पिठाची खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचं. खळीने पोकळ्या बुजतात, घोटण्याने वरचा पापुद्रा दबून गुळगुळीत होतो. अशा कागदावर बोरू अडखळत नाही आणि शाई वरच राहते. मोडी लिहिणारा कारकून हात न उचलता ओळ ओढत जायचा. त्याला खरबरीत, शाई पिणारा कागद चाललाच नसता. मोडी कागद पाहायची संधी मिळाली तर तो उजेडात थोडा तिरपा धरा, घोटल्याची चकाकी अजून दिसते.

गिरणीचा कागद आणि तुरटीचं दुखणं

युरोपात याच कामासाठी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेलं सरस वापरायचे. तयार ताव सरसात बुडवून पुन्हा वाळवायचा, म्हणजे काम दुप्पट. १८०७ साली जर्मनीत मोरिट्झ इलिग याने दुसरी पद्धत जाहीर केली. लगद्यातच राळ आणि तुरटी घालायची. कागद यंत्रावरून उतरतानाच शाईला तयार! यंत्राच्या कारखानदारीला हे फारच सोयीचं होतं. पुढे चिंध्या पुरेनात म्हणून लाकडाचा लगदा आला आणि कागद स्वस्त झाला.

भारतात बंगालमधली टिटागढची गिरणी १८८२ सालची. स्वस्त गिरणी कागदापुढे हातकागदाचा धंदा टिकणं अवघड होतं. विदर्भात मोठी गिरणी आली ती चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला, १९४५ साली स्थापन झालेली, जंगलातल्या बांबूच्या आधाराने. आपल्या भागातल्या कित्येकांच्या शाळेच्या वह्या बांबूच्या असतील, हे लिहिताना मनात येत नाही एवढंच.

आता गंमत बघा. त्या खतावणीतलं अक्षर ठसठशीत होतं, पण पान उलटताना कडा पापडासारख्या मोडत होत्या. काकू दर वेळी पदराने चुरा गोळा करायच्या. मला तेव्हा वाटलं, शंभर वर्षं झाली, एवढं चालायचंच. पण मोडी दफ्तरातला दोन-अडीचशे वर्षांचा घोटीव कागद अजून वाकवता येतो. म्हणजे दोष नुसत्या वयाचा नाही.

दोष तुरटीचा आहे. तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो, आणि आम्ल हळूहळू तंतूंचे तुकडे पाडतं. लाकडाचा लगदा नीट शुद्ध केलेला नसेल तर पिवळेपणाही येतो. अमेरिकेत विल्यम बॅरो या माणसाने ग्रंथालयांतली पुस्तकं तपासून १९५९ साली हे आकडेवारीसह मांडलं, आणि ग्रंथपालांना धक्का बसला. ज्या युक्तीने शाई फुटणं थांबवलं, त्याच युक्तीने कागदाचं आयुष्य कमी केलं होतं.

उपायही त्याच दशकात पुढे आला. तुरटीची गरज नसलेली रासायनिक खळ मिळू लागली, आणि त्यामुळे कागदात खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट घालता येऊ लागलं. ते आम्ल मारून टाकतं. टिकाऊ कागदासाठी 'आयएसओ ९७०६' हे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ साली आलं. एखाद्या वहीवर 'अॅसिड फ्री' छापलेलं दिसलं तर त्यामागे हा दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

म्हणून वहीला दोन वेगळे प्रश्न विचारायचे: आज शाई वर राहील का, आणि पन्नास वर्षांनी पान हातात राहील का? पहिल्याचं उत्तर हो आलं म्हणून दुसऱ्याचं हो समजू नये. त्या खतावणीने पहिली परीक्षा पास केली होती, दुसरी नाही. माझी वही पहिल्याच परीक्षेत नापास.

जाड म्हणजे चांगला नव्हे

आकडा गेल्यावर मी चांगली वही शोधायला निघाले. अमरावतीला राजकमल चौकाच्या आसपास हिंडले, अकोल्यात गांधी रोडला विचारलं. सगळीकडे तोंडी एकच शब्द, जीएसएम. मीही शहाण्यासारखी "शंभर जीएसएम दाखवा" म्हणत होते. अकोल्यातले एक वयस्कर दुकानदार हसले. म्हणाले, "ताई, जाड कागद पायजे का चांगला पायजे? जाड असला म्हंजे चांगलाच असते असं काई नाई."

काकांचं बरोबर होतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. त्यात खळीबद्दल एक अक्षर नाही. जपानचा 'तोमोए रिव्हर' हा कागद शाईपेनवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. त्याचा एक प्रकार फक्त ५२ जीएसएमचा, इतका पातळ की मागचं अक्षर सावलीसारखं दिसतं, पण शाई फुटत नाही की उतरत नाही. उलट जाड ड्रॉइंग पेपरवर शाई फुटलेली तुम्ही पाहिली असेल. वजनाने मागचं अक्षर दिसणं कमी होतं. फुटणं थांबवते ती खळ. कारखान्यात ती मोजायला 'कॉब' चाचणी असते: ठरावीक वेळात, बहुधा ६० सेकंदांत, कागदाने चौरस मीटरला किती ग्रॅम पाणी प्यायलं ते बघायचं. हा आकडा वहीवर कुणी छापत नाही, आणि आपल्याला तोच हवा असतो.

दुसरं टोक आपल्या शेजारी आहे. मेळघाट ओलांडला की मध्य प्रदेशात नेपानगर लागतं. देशातली वर्तमानपत्री कागदाची पहिली गिरणी तिथली, १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केली. छपाईची शाई तेलकट आणि घट्ट, तिला फार खळ लागत नाही. म्हणून वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासावर शाईपेनाने लिहून पाहा, लगेच फुटतं. त्यात कागदाचा दोष नाही, तो त्या कामासाठी केलेलाच नाही.

स्वस्त वह्यांचं मला तसंच वाटतं. बॉलपेनची शाईही घट्ट असते. वर्गात जवळपास सगळे बॉलपेनने लिहू लागल्यावर कागद शाई पितो की नाही हे गिऱ्हाईक बघेनासं झालं. हे माझं अनुमान आहे, पुरावा म्हणून घेऊ नका. पण जुन्या फुलस्केप वह्यांवर शाईपेन बरं चालतं आणि आजच्या कित्येक वह्यांवर चालत नाही, हा अनुभव तुम्हालाही येईल.

हातकागदाबद्दलही एक सांगायला हवं. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. कुमारप्पा त्याचे चिटणीस. मगनवाडीत ज्या उद्योगांना पुन्हा उभारी द्यायचा प्रयत्न झाला त्यात हातकागद होता. आज खादी भांडारात सुंदर हातकागदी वह्या दिसतात. सुती चिंध्यांचा कागद टिकायला उत्तम. पण खळ कमी असेल तर शाईपेनाखाली तो टिपकागद होतो. म्हणून तोही पारखूनच घ्या.

वही पारखायची कशी

मी आता पुढच्या गोष्टी करते. दुकानदार नाही म्हणाला तर एक वही आधी विकत घेते, घरी तपासते, मगच डझनभर आणते.

१. आपलंच पेन, आपलीच शाई घेऊन शेवटच्या पानावर लिहा. 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध', 'ऱ्ह' लिहा. मग १ ९, ५ ६, ३ ८ असे आकडे लहान अक्षरात लिहा. शाई फुटली तर देवनागरीत आधी गाठी बुजतात आणि अनुस्वार पसरतात. परदेशी पेनप्रेमींच्या चाचण्या रोमन अक्षरांच्या असतात, आपल्या गाठी त्यांना ठाऊक नसतात.

२. एका जागी निब तीन सेकंद टेकवून ठेवा. मग पान उलटा. मागे ठिपका आला तर दोन्ही बाजूंनी लिहिणं विसरा, म्हणजे वहीची किंमत दुप्पट धरा.

३. पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. खळ चांगली असेल तर तो काही वेळ थेंबासारखा उभा राहतो. लगेच पसरून आत गेला तर वही परत ठेवा.

४. वजन करा. ए-फोर आकाराच्या १९२ पानी वहीत कागद ९६ असतात. ७० जीएसएम असेल तर नुसत्या कागदाचं वजन साधारण ४२० ग्रॅम भरतं, ५४ असेल तर ३२५ च्या आसपास. पुठ्ठ्याचं वेगळं धरा. छापलेला आकडा खरा का, ते किराणा दुकानाच्या काट्यावरही कळतं.

५. शिवण बघा. धाग्याने शिवलेली वही सपाट उघडते आणि पानं सुटत नाहीत. नुसत्या गोंदाने चिकटवलेली वही आपल्याकडच्या उन्हाळ्यात सुटते. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे गोंदाचं काय होणार!

६. लिहिताना हाताखाली एक कागद ठेवा. घामाचा, तेलाचा हात लागला की तिथे शाई धरत नाही, अक्षर तुटक येतं. वाटतं पेन बिघडलं, बिघडलेलं नसतं.

शाईचंही थोडं. आपल्या जुन्या काळ्या शाईत काजळ आणि डिंक असायचा. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन, ते उडत नाही आणि कागदाला खातही नाही. दुसरा प्रकार हिराकस आणि हिरडा किंवा माजूफळ यांच्यापासून होणारा. ती शाई पक्की, पाण्याने जात नाही, पण आम्लधर्मी असते, आणि जुन्या घट्ट शाईने कित्येक ठिकाणी अक्षराच्या जागी कागदाला भोकं पाडली आहेत. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक निळ्या शाया रंगद्रव्य पाण्यात विरघळवून केलेल्या. लिहायला छान, पण पावसाचं पाणी लागलं की पान निळं. नोंदींसाठी 'परमनंट' असं स्पष्ट लिहिलेली शाई घ्या. कार्बनवाली शाई घेतली तर मात्र पेन नियमित धुवा, नाहीतर ते बसतं.

यातही एक योगायोग सापडला. गिरगावात १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला. त्यातूनच पुढे उंटाच्या चित्राची शाई आणि कॅमलिन हे नाव घरोघरी गेलं. या कंपनीत नंतर जपानच्या कोकुयोने मोठा हिस्सा घेतला. ती कोकुयो १९०५ साली कशापासून सुरू झाली? हिशेबाच्या वह्यांचे पुठ्ठे बनवण्यापासून. शाईवाले आणि खतावणीवाले शेवटी एका छताखाली आले!

उतरवून घेणं म्हणजे काय

आता मूळ मुद्दा. वहीवर एवढं का लिहायचं? बहुतेक अभिलेखागारांच्या वाचनकक्षात पेन न्यायलाच बंदी असते, तिथे पेन्सिलच चालते, आणि ते योग्य आहे. पण खाजगी घरी, देवस्थानात, शेतावर घेतलेल्या मुलाखतीत, रात्री खोलीवर येऊन लिहिलेल्या टिपणात तुमची वही हाच पुरावा असतो. आणि मूळ कागद गेला तर ती एकमेव प्रत होते.

आपल्या अमरावती जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी लोकांकडे जाऊन गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. आजच्या भाषेत ते उत्कृष्ट फील्डवर्क होतं. पंथाच्या परंपरेनुसार मूळ प्रत पुढे धाडीत गेली. मग ज्यांना पाठ होतं त्यांनी आठवून पुन्हा लिहिलं, आणि एकाचे अनेक पाठ झाले. डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ साली आली. हे पाठ ताडून बघण्यात अभ्यासकांची उभी आयुष्यं गेली. एक प्रत नाहीशी होण्याची ही किंमत.

दुसरं उदाहरण अमरावती शहरातलं. टिळकांचे सहकारी, वकील दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) वर्षानुवर्षं रोजनिशी लिहीत होते. कोण भेटलं, काय बोलणं झालं, तब्येत कशी होती. १९११-१२ साली शिर्डीत राहिले तेव्हाच्या नोंदीही त्यात आहेत. त्या रोजनिश्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. टिळकयुगावर काम करणाऱ्याला त्या टाळून पुढे जाता येत नाही. दादासाहेबांनी काही मोठा सिद्धांत मांडला नव्हता. रोज लिहिलं, तारीख घालून लिहिलं, आणि ते वाचता येईल असं राहिलं.

म्हणून माझी सध्याची पद्धत सांगते. प्रत्येक वहीला क्रमांक, प्रत्येक पानाला क्रमांक. उजव्या पानावर मूळ नोंद, डावं पान माझ्या शंकांसाठी. महत्त्वाचा आकडा अंकात आणि लगेच शेजारी अक्षरात: '१४ (चौदा)'. आपले जुने व्यापारी हुंडीवर रक्कम अक्षरात लिहायचे, चेकवर आपण अजून लिहितो, आणि संशोधनाच्या वहीत मात्र विसरतो. त्याच रात्री पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवायचे. एवढं झालं की मगच जेवायचं. मेसवाल्या मावशी उशीर झाला म्हणून बोलतात, पण आता त्यांनाही सवय झाली आहे.

महागडी वही घ्यायलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. फेलोशिप वेळेवर येत नाही हे मलाही माहीत आहे. माझी सध्याची वही साधी, शिवलेली, ७० जीएसएमची, तपासून घेतलेली आहे. तिच्यात पहिल्या पानावर मी तो तक्ता पुन्हा उतरवून ठेवला आहे, रिकाम्या घरासकट. मौखिक परीक्षेत कुणीतरी त्यावर बोट ठेवणारच. तेव्हा काय सांगायचं ते ठरलेलं आहे: आकडा होता, मी वाचला होता, आणि माझ्या वहीने तो धरून ठेवला नाही.